पान्यान ठेव

दिवा गावच्या धक्क्यावर तिसरी,
निळी, नाकाडाचा रंग उडालेली,
ती आमची.
दोन वर्षं जाळं नाही पडलं तिच्यातून,
तरी पौषातही ती पाण्यातच असते,
कारण बाबा बोलला होता,
"होरी सुकली का उलली. पान्यान ठेव तिला."
त्यानंतर त्याचं तोंड उजवीकडे ओढलं गेलं
आणि वाक्यं संपली.

रात्री मी ऐरोलीच्या बिनखिडक्यांच्या इमारतीत
कॉम्प्युटरांना गारवा पुरवतो.
अठरा अंश. वीस झाले की फोन येतो.
सहाला सुटतो, अंगात जर्किन तसंच,
पुलाखालून चिखलात उतरतो.
बाहेर पण अठराच. कधी पंधरा.
मतलई सुटलेली असते,
धुकं आणि कंपन्यांचा वास
एकमेकांत कालवलेले,
निवट्या बिळातून तोंड काढायला तयार नाहीत.

ओहोटी असली तर गुडघ्याएवढा गाळ.
हाताला आधी दोरी लागते, मग थंडी.
तेलाचा पाच लिटरचा कॅन, अर्धा कापलेला,
त्याने उपसतो. बावीस, तेवीस...
जोमाकाका बाजूच्या होडीतून म्हणतो,
"कशाला रं? वर घे, ताडपत्री टाक, नीज."
त्याची फायबरची आहे.
फायबरला तहान नसते.

सागवान पितं.
फळ्यांच्या सांध्यांत बाबाने ठासलेला कापूस
डांबराखाली फुगून बसलाय,
तो जागचा हलू नये म्हणून
खाडी रोज थोडी आत घ्यायची
आणि रोज जवळजवळ तेवढीच बाहेर टाकायची.

डिसेंबरात एक माणूस आला.
पाम बीचवरच्या हॉटेलाला दारात होडी हवी होती,
आत सॅलड मांडायला.
पस्तीस हजार.
म्हणाला, पॉलिश मारू, पन्नास वर्षं टिकेल.
मी नाही म्हणालो नाही.
विचारून सांगतो म्हणालो.

घरी आई बाबाच्या टाचांना खोबरेल चोळत होती,
थंडीत त्या उलतात.
मी विचारलं नाही.
त्यानेच भुवई उडवली, रोज उडवतो,
म्हणजे, किती?
मी बोटं दाखवतो. चार बोटं पाणी.
चार म्हणजे बरं.
सहा झाली की तो डोळे मिटून घेतो.

एकदाच, संक्रांतीच्या आदल्या दिवशी,
मी म्हणालो, आज चारच.
गेलोच नव्हतो. कामावरून येऊन
ओट्यावरच झोपलो होतो.
त्याने चांगल्या हाताने
माझ्या पँटची कड चाचपली,
बोटांचा वास घेतला
आणि तोंड भिंतीकडे केलं.

दुपारी भरतीला गेलो.
नऊ बोटं.
उपसता उपसता कॅनमध्ये एक कोळंबी आली,
नखाएवढी, जिवंत,
तिला परत टाकायचं राहून गेलं,
कॅन तसाच हातात घेऊन घरी आलो.
बाबाने आत वाकून पाहिलं. बराच वेळ.
आई म्हणाली,
एकटीचं काय करू?