फक्त ‘बंधू’ काढ

तासगावच्या स्टँडमागं माझं रेडियमचं दुकान,
म्हणजे चार पत्रे, एक टेबल, एक कटर
आणि माझ्याकडं सोडून सगळीकडं बघणारा पंखा.

एप्रिलातल्या दुपारी दिनकर मगदूम आले, मणेराजुरीहून.
टाकीवर हात ठेवून म्हणाले,
“फक्त ‘बंधू’ काढ. ‘मगदूम’ राहू दे.
आन् रंगाला धक्का नको.”

अक्षरं माझीच.
नऊ वर्षांपूर्वी पिवळ्या रेडियममध्ये कापलेली,
दोन गाड्यांना दोन जोड.
तेव्हा धाकटा शशिकांत म्हणाला होता,
‘धू’चा ऊकार जरा लांब सोड,
गाडी पळताना शेपटीसारखा शोभला पायजे.
मी सोडला होता.

दिनकररावांनी किल्लीचं टोक ‘ब’ला लावलं.
“खरडून टाक की, दोन मिन्टांचं काम.”
मी हात धरला.
खरड छाटणी बागेची करायची, मामा.
वेलाला पुन्हा डोळे फुटतात,
पत्र्याला फुटत नाहीत.

आधी साबणाचं पाणी.
कडांना बसलेली बोर्डोची निळी भुकटी
तशीच पुसली तर फडक्याचा काचपेपर होतो.
मग ऊन. आमचं ऊन निम्मं काम फुकटात करतं.
उरलेलं बायकोचा केस वाळवायचा ड्रायर,
वीतभर लांबून, सतत हलता,
एका जागी रेंगाळला की रंगाला फोड येतो.
टाकी चहाच्या कपाएवढी गरम झाली की बास.

दोन शब्दांच्या मधोमध प्लॅस्टिकचा द्राक्षघड,
डबल टेपवर बसवलेला.
त्याच्याखालनं मी तंगूस घातला,
मासे धरायचा, दोन्ही बोटांना गुंडाळून,
करवतीसारखा, पण करवतीचा राग न धरता.
घड हातात आला तेव्हा विचारलं,
हा कुणाच्या वाटणीत?
दिनकरराव बराच वेळ
समोरच्या रसवंतीच्या घुंगरांकडं बघत राहिले.

मग अक्षरं.
मुदत संपलेल्या एटीएम कार्डानं कोपरा उचलायचा
आणि वर नाही ओढायचं,
मागं दुमडत न्यायचं, टाकीला चिकटून,
झोपलेल्या पोराच्या अंगावरनं चादर काढावी तसं.
‘बं’ आला. ‘धू’ शेपटीजवळ तुटायला लागला,
पुन्हा ड्रायर, पुन्हा बोट.

खाली डिंक राहतोच.
त्याला खोबरेल लावून दहा मिनिटं बसायचं.
गिऱ्हाईक बोलतं ते याच दहा मिनिटांत.
“हीर त्याच्याकडं गेली. रोपवाटिका माझ्याकडं.
गाड्या ज्याच्या त्याच्या.”
थोड्या वेळानं, “आई एक म्हैना हितं, एक म्हैना तितं.”
मी भडंगाचा पुडा पुढं केला.
त्यांनी दाणे तेवढे वेचले.

मऊ फडक्यानं तेल पुसलं
आणि दोघंही वाकून बघत राहिलो.
टाकीचा लाल नऊ उन्हाळ्यांत विटकरी झालेला,
अक्षरांखाली मात्र शोरूमचा ओला लाल,
आणि त्यात स्वच्छ, शेपटीसकट, बंधू.

“ह्ये काय ऱ्हायलं?”
काही राहिलं नाही, मामा. हा रंगच आहे.
इथं ऊन पोचलं नव्हतं.
“पॉलिश मार.”
पॉलिश म्हणजे रंगाचाच एक पापुद्रा जातो. मारू?

त्यांनी ऐंशी रुपये दिले.
काढलेली पट्टी मागितली.
ती आतून आतच चिकटलेली, डिंकाला डिंक,
सोडवायला गेले, सुटली नाही,
तशीच खिशात घातली.
गाडीला दुसऱ्या किकला आवाज आला.

घड अजून माझ्या ड्रॉवरात आहे,
सुट्या स्क्रूंमध्ये.
परवा शशिकांत दुकानावरनं गेला,
जोरात, मान वळवली नाही.
टाकीवर काय होतं वाचता आलं नाही.
शेपटी दिसल्यासारखी वाटली,
पण ऊन फार होतं.