पाठीमागे

जालन्याच्या एमआयडीसीत, भट्टीच्या अगदी डोक्यावर
माझी खोली. एक पंखा, दोन स्कॅनर
आणि युरियाच्या गोण्यांत कोंबलेली अकरा वर्षं:
काटापावत्या, चलनं, गेटपास,
बिडीच्या पुड्यावर मांडलेले हिशेब,
आणि फोनमधून उतरवून घेतलेले आवाज.
"सेठ, गाडी देऊळगावराजाला पंक्चर झाली हो, उद्या धरा."
उद्या म्हणजे कोणती तारीख,
ते आवाजात नसतं.

मला सांगितलंय, सगळं चौकटीत आण.
आणू राहिले.
एकच व्यापारी सात नावांनी सापडला:
बन्सीलाल, बंसीलाल, बी. लाल, लालसेठ,
परभणीवाला, जाड्या,
आणि एका चिठ्ठीवर नुसतीच काढलेली मिशी.

खाली क्रेन भंगार उचलते.
सायकलींचे सांगाडे, कढया, जीपचं दार,
एकदा तर शाळेची घंटा.
तासाभरात सगळ्याचा एकच लाल रस्सा.
भट्टीचा हेवा वाटतो मला.
माझ्याकडे काही वितळत नाही.
जे कुठंच बसत नाही ते 'इतर'मध्ये टाकते,
आणि 'इतर' आता
बाकीच्या सगळ्या रकान्यांना पुरून उरलाय.

मार्चमध्ये प्रणालीनं एक गाडी लाल केली.
एमएच एकवीस, ड्रायव्हर लिंबाजी उबाळे.
व्यापाऱ्याच्या चलनापेक्षा आमच्या काट्यावर
पन्नास किलो माल जास्त. कधी साठ.
एकशे बारा खेपा.
"चोरी?" साहेबांनी विचारलं.
मी तारखा लावल्या.
पन्नास, पन्नास, पन्नास, साठ, साठ,
मग साडेतीन महिने शून्य,
मग परत साठ.
चोर अशी रजा घेत नाही.

काट्यावर गेले. मुश्ताकभाई गालात पान धरून म्हणाले,
"पावती पलटाके देखो ना मॅडम."

मी पलटली नव्हती. कुणीच नव्हती.
स्कॅनर कागदाचं पोट बघतो.

पाठीवर, बॉलपेननं, तिरकं:
'बाई आत. ५० वजा.'

भरली गाडी काट्यावर चढायची तेव्हा
ती केबिनमध्ये झोपलेली असायची, रात्रभराची.
माल उतरेपर्यंत नळावर तोंड धुवायची,
आणि रिकाम्या गाडीच्या वजनात नसायची.
म्हणजे आमच्या हिशेबात ती भंगार धरली गेली
आणि मुनीमजींनी दर खेपेला
पैशातून तिला वजा केलं.
"उठवलं का नाही?"
"थकी हुई थी. लिख दिया पचास."

गोण्यांमध्ये येऊन बसले.
काटा दहाच्या पटीतच बोलतो, त्याला बारीक कळत नाही.
तरी साठ म्हणजे सातवा महिना असावा,
शून्य म्हणजे माहेर,
आणि परत आल्यावरचे साठ
म्हणजे मांडीवर कुणीतरी.
एक पावती उलटी केली, होतंच:
'बाई + लहान.'
अधिकचं चिन्ह मुश्ताकभाईंनी
चांगलं ठसठशीत काढलंय.

साहेबांना सांगितलं, चाळीस हजार पावत्या
उलट्या घालून पुन्हा काढाव्या लागतील.
"किती दिवस?"
दिवाळी होईल.
ते स्क्रीनकडे बघत म्हणाले,
"पण पुढं तर सगळं बरोबर येतंय की."
येत होतं खरं.
तीन वर्षांमागच्या जूनपासून
उबाळेच्या गाडीचा फरक शून्य, शून्य, शून्य.
हिरव्या ओळी खालपर्यंत. प्रणाली खूश.
त्या पावत्यांची पाठ कोरी.

जेवणाच्या सुट्टीत परत गेले काट्यावर.
मुश्ताकभाईंनी पान दुसऱ्या गालात सरकवलं.
"जून था ना?
स्कूल में डाले होंगे बच्चे को."
आणि गाडीनं हॉर्न दिला,
तसे ते काचेकडे वळले.