पुलाच्या अलीकडं

गावभागात, पिठाच्या गिरणीला लागून
पारिसाकाकाच्या दुकानात तीन टीव्ही,
तासाला पाच रुपये.
पिवळ्या कॅसेटमधल्या कंदीलवाल्या पोरीचं नाव
जपानीत लिहिलेलं,
आम्ही तिला सुंद्री म्हणायचो.

सातव्या टप्प्याला झुलता पूल.
मधोमध आली की ती मागं वळायची
आणि फळी मोडायची.

काय नाही केलं मर्दा!
होतं नव्हतं ते औषध तिला पाजलं,
स्वतःचं चिलखत उतरवून तिच्या अंगावर चढवलं.
शीतल म्हणाला, उलटं चालत जाऊ.
गेलो उलटं.
शनिवारी मी मारुतीला तेल घातलं,
शीतलनं बस्तीत जाऊन तांदूळ वाहिले.
फळी मोडली.

माझी आई सिव्हिलला आया होती.
म्हणायची, पाचव्या रात्री पाटावर कोरा कागद ठेवायचा,
सटवी येते, लिहून जाते.
कुणाला वाचता येत नाही,
कुणाला खोडता येत नाही.
मला वाटायचं, सुंद्रीची सटवी
तिकडं टोकियोत नोकरीला असणार,
महिनाअखेर असणार,
घाईत काहीतरी लिहून घरी गेली असणार.

मग एका दुपारी शीतलनं रिमोट मांडीवर ठेवला.
जायचंच नाही पुढं, म्हणाला.
पुलाच्या अलीकडं
आम्ही तासभर नुसते उभे.
सुंद्रीचा कंदील हलत होता,
तीच चार पानं पुन्हा पुन्हा गळत होती.
पाच रुपयांत तेवढं मिळालं:
एक तास ती मेली नाही.
काका ओरडला, वेळ संपली रे!
आणि बटण बंद केलं.
त्यात ती मेली का,
यावर वखारभागापर्यंत भांडलो.

पाच साली पाणी आलं, काकानं टीव्ही माडीवर नेले.
एकोणीसला पुन्हा तेच पाणी, तोच रस्ता,
आयर्विनवर तेच फूट मोजणारी माणसं,
आकडा तेवढा नवा.
काका आठवडाभर म्हणत होता, उद्या वर नेतो.
नेलं नाही.
नेणार नव्हताच, असं आता म्हणता येतं.
आता काय, काहीही म्हणता येतं.

यंदा तोच गेम नव्यानं निघालाय.
सुंद्रीच्या हनुवटीवर तीळ आहे,
नदीला आवाज आहे,
आणि फळी मोडताना, म्हणे,
दोन सेकंद तिचा हात दिसतो.
बटण दाबलं तर धरता येतो.

शीतल इचलकरंजीहून आला, मोटारसायकलवर,
पोट सुटलेलं, माग विकून झालेले.
मी म्हटलं, बघ, शेवटी आपल्या हातात आलं.
तो म्हणाला, त्यांनी दिलं म्हणून आलं.
बटणही त्यांनीच लिहिलंय की.
मी म्हटलं, मग माग विकलास
ते कुणी लिहिलं होतं?
बोलला नाही.
भडंगाच्या पिशवीत हात घालून
शेंगदाणे तेवढे वेचत बसला.

रात्रीचे दोन.
पूल आला.
माझा अंगठा बटणावर.
ती मेल्यानंतरची वाट आम्हाला तोंडपाठ आहे,
कुठं वळायचं, कुठं दार, कुठं साप.
ती जगली तर
पुढचं काहीच ठाऊक नाही.

शीतलनं माझ्या हातातला रिमोट काढून
मांडीवर ठेवला.
कंदील हलतोय.
पानं गळतायत, आता प्रत्येक पान निराळं,
मी सत्तरपर्यंत मोजली.

काका गेल्या पौषात गेला.
वेळ संपली म्हणायला
कुणी नाही.