बोट

बोट हाकायचा परवाना वेगळा,
बोट दाबायचा वेगळा,
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं,
महोन बेच्या अग्निशमन केंद्रात, वरच्या मजल्यावर,
मार्चमधल्या चार मंगळवारी.
खाली बंब धुतले जात होते.
वर आम्ही अकरा जण
आणि व्हर्ना झ्विकर,
जिनं एकतीस वर्षं रात्रपाळीत
कानाला हेडफोन लावून समुद्र ऐकला.

आधी ऐका, ती म्हणाली.
कुणी बोलत असेल तर थांबा.
ज्या बोटीला हाक मारायची तिचं नाव तीनदा,
मग तुमचं,
मग सोळा नंबर रिकामा करा.
सोळा म्हणजे चव्हाटा नव्हे.
बांगडे लागले का, पोराचा दात पडला का,
ते सगळं अडुसष्टवर.

आणि सिनेमातल्यासारखं ‘ओव्हर अँड आउट’ म्हणालात
तर मी स्वतः येऊन तुमची वायर कापीन.
ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू, मी ऐकतोय.
आउट म्हणजे माझं झालं, उत्तर नको.
दोन्ही एकदम कसं होईल?
घरात होतं, मागून कुणीतरी म्हणालं.
ती हसली नाही.

खिडकीजवळ माझा भाऊ ऑर्व्हिल बसला होता.
वडिलांची लाकडी होडी कुणाची, यावरून
सहा वर्षं आमच्यात ‘आउट’ चालू होतं.
त्यानं माझ्या खोडरबराकडे पाहिलं,
मागितलं नाही.

परीक्षेत माझा एकच प्रश्न चुकला:
इंजिन बंद, खडक लांब, जिवाला धोका नाही. काय पुकाराल?
मी लिहिलं, मेडे.
व्हर्नानं लाल रेघ मारली. पॅन-पॅन.
जीव जात असेल तरच मेडे, एमोरी.
कार्ड आलं. आयुष्यभर चालतं म्हणे.

सतरा ऑगस्टला
दुपारी तीनलाच धुकं उतरलं.
मला माझ्या टर्नस्टोनचं नाकही दिसेना.
आणि सोळावर एक कोरडा आवाज,
पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन.
एल्डोरा, एल्डोरा, एल्डोरा.

आईचं नाव.
तीनदा, नियमाप्रमाणे.

इंजिन बंद. नांगर टाकलाय. एक माणूस.
अक्षांश-रेखांशाचा एकेक आकडा सुटा करून सांगितला,
लहानपणी पाढे म्हणायचा तसा.

मी मैलभरावर होतो.
बोट बटणावर गेलं.
आधी किनाऱ्याला बोलू द्या, व्हर्ना म्हणाली होती,
तुमचा जीव वर-खाली होतो म्हणून
रांग मोडायची नाही.
मी बोट काढलं,
हात मांडीखाली दाबून ठेवला.
हॅलिफॅक्सनं उत्तर द्यायला नऊ सेकंद लावले.
मी मोजले.
मग माझ्या पाळीला:
टर्नस्टोन, एक मैल, दोर आहे, निघालोय.
आम्हा दोघांना बावीसवर पाठवलं गेलं,
शाळेत बाकावर उभं करायचे तसं, एकत्र.

दोर बांधताना
‘धर’, ‘हं’, ‘अजून’,
एवढंच.
मग चाळीस फूट दोर ताणला गेला
आणि दुसरं टोक धुक्यात नाहीसं झालं.

अर्ध्या तासानं खरखर.
टर्नस्टोन, एल्डोरा. दोर ठीक. वेग ठीक.
जरा थांबून:
तू अजून बाबांसारखाच डावीकडे ओढतोस.
ओव्हर.

मी बटण दाबलं.
दाबलं की आपल्याला ऐकू येत नाही,
आणि सोडेपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही,
हे मला तोंडपाठ होतं.
वायपर काचेवर जात-येत राहिला.
किती वेळ, ते मोजलं नाही.

सोडलं तेव्हा हॅलिफॅक्सची बाई अर्ध्या वाक्यात होती,
नम्र, दमलेली:
…कुणाचंतरी बटण अडकलंय,
सर्व बोटींनी कृपया
आपापलं तपासून घ्यावं.