मी अर्ज केलो

पहिला अर्ज वडगावच्या कॉम्प्युटर सेंटरात भरलो.
तासाला तीस रुपये.
भिंतीपलीकडं पावरलूम खडखडायचे,
त्या ठेक्यातच ओटीपी यायचा
आणि त्या ठेक्यातच मरायचा.

नाव: वैजयंता लुमाण्णा धामणेकर.
मार्ककार्डावर वैजयंता.
आधारवर वैजंता.
रेशनकार्डावर कन्नडात जी कोण आहे
तिला मी अजून भेटलो नाही.
तिघींच्या घरचं उत्पन्न वर्षाला बहात्तर हजार,
असं तहसीलदार म्हणतात.

तसं म्हणायला त्यांना अकरा दिवस लागले.
नाडकचेरीत रोज उभारलो.
काउंटरवरचे मंजुनाथ भले माणूस,
मान वर न करता म्हणायचे, नाळे बन्नी.
उद्या या.
उद्या गेलो की उद्या पुढं सरकलेला असायचा,
भुतरामहट्टीच्या बसगत.
तिथं कंडक्टर विचारतो, झू का युनिव्हर्सिटी?
तिकीट एकच आहे, तरी विचारतो.

पुण्याच्या एका संस्थेच्या अर्जात
सीमाभागासाठी वेगळा रकाना होता.
इतका आनंद झाला की बाबांना हाक मारून दाखवलो.
दाबलो.
खाली दुसरा रकाना उघडला:
महाराष्ट्रातला अधिवास दाखला जोडा.
बाबा चष्मा पुसत म्हणाले, परत दाब,
चुकून दाबलं असशील.

मग फेलोशिपचा मोठा अर्ज.
विषय: खानापूर तालुक्यातले भाताचे जुने वाण.
पाचशे शब्दांत सांगा, तुम्हीच का?

जांबोटीकडं माझी आत्या, भरमाक्का,
दोडग्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवते.
बावीस वर्षं. पेरते, परत ठेवते.
तिला विचारलो, सगळे इंद्रायणी लावतात,
हे तूच का ठेवतीस?
म्हणाली,
दुसरं कोण ठेवत नाही म्हणून.

पाच शब्द झाले.
चारशे पंच्याण्णव शिल्लक.

ते मी भरलो. संवर्धन, जैवविविधता, शाश्वत,
असे शब्द भरलो, पोत्यात कोंडा भरतात तसे.
हिरेमठ मॅडमनी लाल पेनानं
आत्या खोडून
स्थानिक माहितीदार केल्या.
त्यांचंही बरोबर. आत्या या शब्दाला गुण नसतात.

मुलाखत गच्चीवर दिलो, खाली रेंज नाही.
पाण्याच्या टाकीला फोन टेकवून,
पडद्यात तीन चेहरे.
इंग्रजीत चाललं होतं बरं,
मग एक बाई मायेनं मराठीत आल्या.
मी म्हणालो, दोन वर्षं काम केलो,
सोळा गावं फिरलो, एकतीस वाण गोळा केलो.
बाई हसल्या. वाईट नव्हत्या.
केलं म्हणायचं, वैजयंता. मी काम केलं.
आणि तू मुलगी ना? आले, गेले.

मी होय म्हणालो.
होय म्हणाले.
त्यापुढं काय बोललो ते आठवत नाही,
प्रत्येक क्रियापदापाशी अडखळलो,
नवीन चप्पल घातल्यागत.

जिना उतरताना सुचलं, नेहमीसारखं उशिरा:
बाई, तुमच्यात काम केलं
की क्रियापद उठून कामाकडं जातं.
आमच्यात ते करणाऱ्याजवळच बसून राहतं.
माझी आई केलो म्हणते. आत्या पेरलो म्हणते.
कुणी पेरलं, ते शब्दातच असतं,
वेगळा दाखला लागत नाही.

खरं, मीटिंग संपली होती.

मेमध्ये यादी लागली.
प्रतीक्षा यादी, क्रमांक चार.
आत्याला फोन केलो. तिला प्रतीक्षा यादी कळेना.
म्हणजे पास का नापास?
दोन्ही नाही, म्हणालो.
पुढचे तिघं नको म्हणाले तर मी.

ती थोडा वेळ गप्प.
मागं कोंबड्यांचा आवाज.
मग विचारली,
म्हणजे पेरायचं का ठेवायचं?

मूठभर ठेव, म्हणालो.
आणि फोन ठेवून
दुसऱ्या एका अर्जात पासवर्ड टाकलो.
चुकला.
दोन प्रयत्न शिल्लक आहेत.