बेचाळीस खाटा

फॅक्स आला तेव्हा मी उशांचे अभ्रे मोजत होते.
गेंटहून, खोडेलीव्ह बाईंचा.
एकोणीस वर्षं त्या पोरं घेऊन येतात
आमच्या या टिरोलमधल्या खोऱ्यात, बर्फावर पडायला शिकवायला
(घसरायला नंतर शिकतात, आधी पडायलाच).
यंदा येत नाही, लिहिलं होतं.
पालकसभेत हात वर झाले.
तुमच्या नव्या सरकारमुळे.
आणि खाली पेनानं, घाईघाईत:
वाल्बुर्गा, मनाला लावून घेऊ नका.

बेचाळीस खाटा.
मनाला नाही, तर कुठे लावून घ्यायच्या?

रेडिओ सांगत होता, चौदा देश बोलणार नाहीत आमच्याशी.
म्हणजे बोलतील, कामापुरतं,
सख्ख्या भावांचं जमिनीवरून बिनसल्यावर
मधल्या भिंतीतून बोलतात तसं.
फोटोच्या वेळी आमच्या माणसाशेजारी
एक माणूस मावेल एवढी जागा म्हणे मोकळी होती.
मी ती जागा डोळ्यांसमोर आणून पाहिली.
आमच्या जेवणघरात आता तशा बेचाळीस.

संध्याकाळी गोल टेबलावर बियरचे ग्लास आपटले.
बाहेरच्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये, म्हणाले.
ज्यांनी त्यांना मत दिलं नव्हतं, तेही म्हणाले,
पुढच्या वेळी देणार.
माझा लेओनहार्ड सर्वांत कमी बोलला.
नुसता चुलीत लाकूड सारत राहिला,
सारलेलंच पुन्हा.

मला एक गोष्ट माहीत आहे,
ती मी फॅक्समध्ये लिहू शकत नाही.
मतमोजणीच्या टेबलावर मी होते.
गावची तीनशे अकरा मतं, अंगठा ओला करून करून मोजली.
त्यात एक फुली अशी होती
की दाबाच्या जोरानं कागद फाटला होता खालून.
पाहुण्यांच्या नोंदवहीत तो अशाच फुल्या मारतो.
तेवीस वर्षं पुढच्या पानावर त्यांचे वळ उमटलेले पाहते आहे.
मी ते मत योग्य गठ्ठ्यात ठेवलं.
वैध होतं.

रात्री उत्तर लिहायला बसले.
'आम्ही सगळे तसे नाही,' एवढं लिहिलं
आणि 'आम्ही' पाशीच अडकले.
त्या शब्दात कोण कोण झोपतं, याची यादी करू गेले
तर माझ्याच पलंगाची डावी बाजू आधी आली.

मेव्लिदा सकाळी आली, नेहमीप्रमाणे सहाला,
बोस्नियाहून आल्याला सात वर्षं झाली तिला.
सांगितलं, पोरं येणार नाहीत.
कोण नाही येणार? सगळीच?
सगळीच.
तरी तिनं बेचाळीसच्या बेचाळीस खाटा घातल्या,
कोपरे लिफाफ्यासारखे दुमडून.
मग दारात उभी राहून म्हणाली,
माझा परवाना जूनमध्ये संपतो.
एवढंच. प्रश्नसुद्धा नव्हता तो.
चौदा देशांपैकी एकालाही
तिनं काय करावं हे सुचलं नव्हतं.
मलाही नाही. मी म्हटलं, कॉफी घे.

हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात
गेल्या वर्षीचा एक हातमोजा होता, लाल, डाव्या हाताचा,
आत शाईनं नाव: वाऊटर.
तो पाकिटात घातला. पत्र नाही घातलं.
टपाल कचेरीत ग्रेगोर खिडकीतून म्हणाला,
बेल्जियमला? त्यांना कशाला पाठवतेस काही?
त्यांचंच आहे, म्हटलं.
त्यानं वजन केलं. शिक्का मारला, जरा जास्तच जोरात.
सुटे शिलिंग परत देताना
त्यानं ते माझ्या हातावर ठेवले नाहीत,
लाकडावर ठेवले, एकेक.

बाहेर लिफ्ट चालू होती.
रिकाम्या खुर्च्या वर जात होत्या,
वळून खाली येत होत्या.
लेओनहार्ड दारासमोरचा बर्फ उपसत होता,
पोरांची बस येईल एवढी रुंद वाट करून,
दरवर्षीसारखी.
मी त्याला थांबवलं नाही.
फावडं मात्र दुसरंही होतं भिंतीला टेकलेलं,
आणि ते मी घेतलं नाही.