सशाची साक्ष

कुरिअरवाल्याने खोका टेबलावर ठेवला तेव्हा
आतला निम्मा बर्फ पाणी झाला होता.
नळीत पन्नास मायक्रोलिटर,
म्हणजे डोळ्यात घालायच्या औषधाचा एक थेंब,
किंमत माझ्या तीन महिन्यांच्या विद्यावेतनाएवढी.

कुठल्याशा थंड देशात कुणी एका सशाला
मोहरीच्या भाऊबंदातल्या एका रोपट्याच्या
प्रथिनाचा तुकडा टोचला होता.
सशाने तो लक्षात ठेवला. एवढंच त्याचं काम.
आता त्याच्या रक्ताला मी विचारणार:
बाबा रे, तू केळी पाहिली नाहीस, सावदा पाहिलं नाहीस,
पण ह्या पानात तो आहे का, तेवढं सांग.

पान वासुदेव फालकांच्या बागेतलं.
जानेवारीत पारा सहावर आला
आणि केळीला चरका बसला,
पानांवर पिवळे पट्टे, पोग्यातच अडकलेलं नवं पान.
मी पहाटे पाचला विळा घेऊन उभी,
फालककाका बॅटरी धरून.
म्हणाले, हिच्या पोटात काय चाललंय ते मलाही कळव.

पोटात असं चालतं, काका, की प्रत्येक पेशीत शेकडो चुली,
आणि थंडीत धुराड्याची मोठी वाट तुंबते.
तेव्हा एक प्रथिन आडवाट उघडतं.
त्या वाटेनं शिजत काही नाही,
नुसती ऊब निघून जाते,
पण घर धुरात कोंडत नाही.
ते प्रथिन चरक्यात वाढतं का,
एवढाच माझा प्रश्न, दोन वर्षांचा.

बर्फात खल, खलात पान.
चीक बाहीवर वाळून तपकिरी झाला तो अजून आहे.
चुली तळाशी बसवल्या, फोडल्या, जेलमधून पळवल्या,
पडद्यावर उतरवल्या आणि पडदा
दुधाच्या पावडरीत तासभर बुडवला,
कारण सशाचं रक्त जागा मोकळी दिसली की कुठेही चिकटतं.
मग रात्रभर ससा.
सकाळी सशाला ओळखायला शेळी:
दुसरी अँटिबॉडी शेळीची असते.
सुपडूभाऊंना हे लगेच पटलं, त्यांच्या घरी चार आहेत.
म्हणाले, शेळीला समदं कळस.

अंधारखोलीत, लाल दिव्याखाली,
फिल्मवर हळूहळू रेघ आली.
पण सत्तरवर.
हवी होती पस्तीसच्या आसपास.
भिरूड मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला.
ससा चुकला, म्हणाल्या,
किंवा वाटेत बर्फ वितळला तेव्हाच मेला.
मी काही बोलले नाही.
गिरणेच्या पुलापर्यंत चालत गेले
आणि कोरडी वाळू बघून परत आले.

सुपडूभाऊ बाटल्या पुसत होते.
एक नाकाशी धरली, परत धरली.
ताई, ही दवाईना वास काब्र नई येस?
मी बाटली घेतली.
सडक्या अंड्यासारखी घाण यायला हवी होती,
एप्रिलपासून शेल्फवर उन्हात बसून तिचा दम गेला होता.
जोड्या सोडवायचं काम तिचं.
म्हणजे ससा खरं बोलत होता:
ते प्रथिन दोन-दोन मिळून, गंधकाच्या गाठीने
एकमेकांना बिलगून उभं होतं,
आणि पस्तीस दुणे सत्तर.

नवी बाटली उघडली तशी
भौतिकशास्त्राच्या विभागातून माणूस भांडायला आला.
त्याला खुर्ची दिली.
त्या रात्रीच्या फिल्मवर रेघ खाली उतरली,
चरक्याच्या पानात ठळक,
निरोगी पानात, असलीच तर, नखाने ओढल्याएवढी.
एकदाच आलेली. अजून दोनदा यायला हवी.

सुपडूभाऊंनी फिल्म ट्यूबलाइटपुढे धरली.
हाई काय शे?
केळी, मी म्हटलं.
इतली बारीक?

नळीत आता एकोणीस मायक्रोलिटर उरलेत.
चार वाजता लाईट गेली.
आम्ही दोघांनी फ्रीजरवर गोणपाट टाकलं,
त्यावर माझी सतरंजी,
आणि दार कुणी उघडू नये म्हणून
सुपडूभाऊ तिथेच स्टुलावर बसले, तंबाखू मळत.